ग्रीक देवळं नेमकी कशाची बांधलीत? (संगमरवर हे अर्धंच उत्तर आहे)

पाथरवट

दुसऱ्या एका धाग्यावर "ग्रीकांचं काय, दाराशी संगमरवराचे डोंगर, कापला आणि रचला की देऊळ तयार" असा प्रतिसाद वाचला. तिथे उत्तर द्यायला बसलो तर ते मूळ लेखापेक्षा लांब व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

बहुतेक ग्रीक देवळं संगमरवराची नाहीतच. आपल्या डोक्यात अथेन्सचं पार्थेनॉन बसलंय आणि त्याच्या पांढऱ्या रंगाने बाकी सगळी झाकून टाकलीत. ऑलिंपियातलं हेराचं देऊळ घ्या. साधारण इ.स.पू. ६०० चं. जोतं दगडी, भिंतींचा खालचा थर घडीव दगडाचा, आणि त्याच्या वर चक्क उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा. खांब लाकडी, तुळया लाकडी, छपरावर भाजलेल्या मातीची कौलं. पुढे एकेक लाकडी खांब खराब होत गेला तसा त्याच्या जागी दगडी बसवत गेले, आणि ज्या काळात जो बसवला तो त्या काळच्या पद्धतीचा. म्हणून तिथल्या खांबांचे माथे आज बघितले तर एकासारखा एक नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसानियस हा प्रवासी तिथे गेला तेव्हा मागच्या दालनात ओकचा एक खांब अजून शाबूत होता, तशी त्याने नोंद केलीय. बांधून सातशेहून जास्त वर्षं झाली होती!

त्या मातीच्या भिंतींनी पुढे एक उपकारच केला. देऊळ पडल्यावर विटा विरघळल्या आणि आत सगळा मातीचा जाड थर बसला. १८७७ मध्ये जर्मन उत्खननात त्याच मातीत हर्मिसचा तो प्रसिद्ध पुतळा सापडला, शिल्पकार प्रॅक्सिटेलीसचा म्हणतात तो. भिंती संगमरवरी असत्या तर लोकांनी दगड काढून नेले असते आणि पुतळाही बहुधा चुनाभट्टीत गेला असता. संगमरवर भाजला की चुना होतो आणि मधल्या काळात ग्रीसभर हा उद्योग जोरात होता.

नंतर दगड आला, पण तोही जवळच्या खाणीतला साधा चुनखडीचा. कॉरिंथचं अपोलोचं देऊळ (इ.स.पू. ५४० च्या आसपास) त्याचं. सात खांब उभे आहेत, प्रत्येक सात मीटरच्या वर आणि अख्खा एका दगडाचा. ऑलिंपियाचं झ्यूसचं देऊळ, ज्यात जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक मूर्ती होती, तेही असल्याच दगडाचं. इतका भुसभुशीत की त्यात शिंपले दिसतात. वरून पांढरा गुळगुळीत गिलावा दिला की लांबून कळायचं नाही. शिल्पं मात्र पारोस बेटावरून जहाजाने आणलेल्या संगमरवराची. म्हणजे पैसा जिथे नजर जाते तिथे ओतला, बाकी ठिकाणी गिलाव्यावर भागवलं.

पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) यात अपवाद आहे. अथेन्सपासून सोळा-सतरा किलोमीटरवर पेंटेली डोंगर, तिथला दगड, आणि हाताशी इतर शहरांकडून गोळा केलेला पैसा. तरी त्याच्याही पोटात साधा दगड आहेच. त्याच जागी आधी एक संगमरवरी देऊळ बांधायला घेतलं होतं, ते इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी अर्धवट असतानाच जाळलं. त्याचा चुनखडीचा प्रचंड चौथरा तसाच वापरला. जळक्या देवळाचे खांबाचे तुकडे ॲक्रोपोलिसच्या (अथेन्सची ती टेकडी, पार्थेनॉन तिच्यावरच) उत्तर तटबंदीत ओळीने बसवलेत, खालच्या शहरातून मान वर केली की दिसतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं की संगमरवर हा या बांधकामातला सगळ्यात दिखाऊ भाग. खरी अक्कल सांध्यांमध्ये आहे. पण ते प्रतिसादांत बोलू, आधीच खूप झालं.

रेवा

मस्त धागा. वाचतेय. हेराच्या देवळाचं माहीतच नव्हतं.

एक शंका. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की ग्रीक देऊळ म्हणजे लाकडी देवळाची दगडात केलेली नक्कल. खांबांच्या वर ते तीन उभ्या पट्ट्यांचे चौकोन असतात ना, ट्रायग्लिफ, ती तुळईची टोकं. आणि त्यांच्याखाली बारीक थेंबासारखं असतं ते लाकडी खुंट्या. बरोबर ना?

चहाबाज

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाका की राव!

साईटवाला

पाथरवटराव, सिव्हिलवाल्याच्या नजरेतून थोडी भर घालतो.

दगड दाबाला वाघ, ताणाला शेळी. खांब कितीही उंच करा, दगड हूं की चूं करणार नाही. पण दोन खांबांवर आडवी तुळई टाकली की तिच्या खालच्या अंगाला ताण येतो, आणि तिथून ती तडकते. लाकूड वाकतं आणि आधी कुरकुरतं तरी, दगड सांगत नाही. ग्रीक देवळात खांबांची एवढी दाटी का? हौस म्हणून नाही, अंतर वाढवलं तर तुळई मोडेल म्हणून. कमान त्यांना अगदीच माहीत नव्हती असं नाही, पण देवळाच्या दर्शनी भागात ती वापरायची त्यांची पद्धत नव्हती. उभे खांब, आडव्या तुळया, विषय संपला.

पार्थेनॉनमध्ये दोन खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ४.३ मीटर अंतर आहे. आणि तिथली तुळई एक नाही, तीन फळ्या शेजारीशेजारी उभ्या ठेवल्यात. एक तर प्रत्येक फळी उचलायला हलकी, आणि उद्या एक तडकली तरी उरलेल्या दोन भार घेतात.

याहून भारी काम शेजारच्या प्रॉपिलियात, म्हणजे ॲक्रोपोलिसच्या महाद्वारात आहे. ते देऊळ नाही, पण माणसं आणि खाण तीच. म्नेसिक्लीस या वास्तुविशारदाने (इ.स.पू. ४३७ ते ४३२) आतल्या आयोनिक (माथ्याला वेटोळी असणाऱ्या) खांबांवरच्या तुळयांच्या पाठीवर लांब खाचा करून त्यांत लोखंडी सळया टाकल्या. छताच्या तुळयांचा भार आधी सळईवर येतो आणि सळई तो दोन्ही टोकांना, खांबांच्या दिशेला ढकलते. सळईच्या खाली थोडी मोकळी जागाही सोडलीय, म्हणजे भाराने ती वाकली तरी मधोमध दगडाला टेकायला नको. हा माणूस आज असता तर मी त्याच्या हाताखाली फुकट काम केलं असतं.

प्रश्न: भिंतीत दर्जा भरायला चुना कितपत वापरायचे?

पाथरवट

साईटवाला, शून्य. चांगल्या देवळाच्या भिंतीत चुना, माती, काहीही नाही. कोरडी रचाई. आता सांध्यांवर येतो.

भिंतीतला एक दगड डोळ्यांपुढे आणा. शेजारच्या दगडाला त्याची जी बाजू भिडणार, ती सगळीच्या सगळी गुळगुळीत करत नाहीत. कडेने, दाराच्या चौकटीसारखी, काही बोटं रुंदीची पट्टी तेवढी घासून तंतोतंत सपाट करायची. मधला भाग मुद्दाम टाकीने खोलगट आणि खडबडीत ठेवायचा. दोन दगड भिडतात ते फक्त त्या पट्टीवर. मेहनत चौथ्या हिश्श्याची आणि बाहेरून सांधा असा की त्यात ब्लेड जायचं नाही.

पट्टी सपाट झाली हे ठरवायचं कसं? लेबाडियाच्या झ्यूसच्या देवळाच्या कामाचा करारच दगडावर कोरलेला मिळालाय. त्यात सांगितलंय की तेलात कालवलेला गेरू लावलेली पट्टी वापरून तपासा. सरळ पट्टीला गेरू माखायचा, दगडावर टेकवायची, उचलायची. जिथे जिथे लाल डाग उमटला तो उंचवटा. तेवढाच टाकीने उतरवायचा, परत गेरू, परत पट्टी. सगळीकडे सारखा लाल येईपर्यंत. त्याच करारात दंडाची कलमं आहेत, आणि बसवताना चांगला दगड ठेकेदाराकडून खराब झाला तर भरपाई त्याच्याच खिशातून.

मग लोखंड. शेजारच्या दोन दगडांच्या पाठीवर मिळून एच अक्षराच्या आकाराची खाच खणायची, तशीच घडवलेली लोखंडी पट्टी त्यात बसवायची आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचं. खालच्या-वरच्या थरांना जोडायला उभे लोखंडी खुंट, तेही शिशात. शिशामुळे पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोहोचत नाहीत, आणि भूकंपात दगड हलला तर मऊ शिसं थोडं दबतं, धक्का थेट संगमरवराला बसत नाही. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, कारण वरचा थर बसला की सगळं झाकलं जातं.

खांबात मात्र लोखंड नाही. पार्थेनॉनचा खांब १०.४३ मीटर उंच, दहा-बारा गोल तुकडे एकावर एक. प्रत्येक तुकड्याच्या मध्यात चौकोनी खाच, तिच्यात लाकडी ठोकळा, ठोकळ्याच्या भोकात लाकडी खुंटी. वरचा तुकडा बरोबर मध्यावर बसावा एवढंच तिचं काम. सांधे इतके घट्ट की आतलं लाकूड चोवीसशे वर्षांनी शाबूत सापडलंय.

खडीसाखर

शिशाचं वाचून पोटात कालवलं. आमच्या बिल्डिंगचे खांब वीस वर्षांत फुगले, प्लास्टर पडलं तेव्हा कळलं की सळईला कव्हरच दिलेलं नाही. सळई गंजून दुप्पट जाड आणि काँक्रीट फुटलेलं. ठेकेदार केव्हाच गायब. चोवीसशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळत होतं ते याला कळू नये?

साईटवाला

खडीसाखरताई, तुमच्या बिल्डिंगला जे झालं तेच पार्थेनॉनलाही झालंय, आणि तेही विसाव्या शतकात.

निकोलाओस बालानोस नावाचा इंजिनियर, १८९८ पासून ॲक्रोपोलिसवर दुरुस्तीचं काम बघत होता. १९२० च्या दशकात त्याने उत्तरेची खांबांची रांग परत उभी केली. दगड जोडायला लोखंडी पट्ट्या आणि सळया भरपूर वापरल्या, पण शिशाचं आवरण नाही. समुद्र जवळ, त्यात शहराचा धूर. लोखंड गंजलं, फुगलं, आणि ज्या संगमरवराला तुर्क-व्हेनिसच्या लढाईतला स्फोट (१६८७) पुरता संपवू शकला नाही तो आतून फुटायला लागला. शिवाय कुठला दगड मुळात कुठला होता हे न बघता जिथे बसेल तिथे बसवलेले.

१९७५ मध्ये यासाठी खास समिती नेमली गेली, पार्थेनॉनवर ८० च्या दशकात काम सुरू झालं आणि त्यातला मोठा भाग म्हणजे बालानोसचं लोखंड काढणं. आता टायटॅनियम वापरतात, ते गंजत नाही. पट्टीची जाडीही अशी ठरवतात की मोठ्या भूकंपात आधी पट्टी तुटावी, जुना दगड नाही. पट्टी बदलता येते. मूळ ग्रीक पट्ट्या जिथे शिशात सीलबंद राहिल्या, तिथे लोखंड आजही ठणठणीत निघतं.

खवचट

सगळं ठीक आहे, पण एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. हे सगळं गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढून बांधलेलं ना? त्यावर एक ओळ नाही धाग्यात.

पाथरवट

खवचट, प्रश्न रास्त आहे आणि याला पुरावा आहे, अंदाज नाही.

ॲक्रोपोलिसवरच्या एरेक्थियॉन या देवळाचे हिशेब संगमरवरावर कोरलेले मिळालेत, इ.स.पू. ४०९ ते ४०६ च्या काळातले. आपल्याकडच्या हजेरीपटासारखेच: कोण, कुठला, काय काम केलं, किती दिले. ज्यांचा दर्जा कळतो अशा ८६ जणांत २४ नागरिक, ४२ बाहेरून येऊन अथेन्समध्ये राहिलेले, आणि २० गुलाम. एकाच खांबाच्या पन्हळी (अंगावरच्या उभ्या खाचा) कोरायला मालक आणि त्याचे गुलाम शेजारीशेजारी बसलेत, आणि रोज सगळ्यांचा सारखा, दिवसाला एक द्राख्मा. गुलामाचा रोज बहुधा मालकाच्याच कनवटीला जात असणार, तो भाग आहेच. वास्तुविशारदालाही दिवसाला साधारण तेवढाच! काही कामं फुटावर दिलेली: रंगाऱ्याला नक्षीच्या पट्टीसाठी फुटाला पाच ओबोल, म्हणजे द्राख्म्याला एकच कमी.

मला त्यातली सगळ्यात आवडती नोंद हिशेब लिहायच्या कागदाची आहे. पपायरसचे दोन नग, दोन द्राख्मा चार ओबोल. एक नग एका कुशल कारागिराच्या रोजापेक्षा महाग.

एपिडॉरसच्या अस्क्लेपियसच्या देवळाचे (इ.स.पू. चौथं शतक) हिशेबही असेच आहेत. तिथे थिओडोटोस हा वास्तुविशारद वर्षाला ३५३ द्राख्म्यांवर, आणि बाकी काम तुकड्यातुकड्याने ठेक्याने दिलेलं. खाणीतून दगड काढणं एकाला, बसवणं दुसऱ्याला.

पण चाबकाचा मुद्दा पूर्ण खोडून काढत नाही. सांध्यात ओतायचं शिसं घ्या. अथेन्सजवळ लॉरियनला चांदीच्या खाणी होत्या, चांदीबरोबर शिसं ढिगाने निघायचं. आणि त्या खाणींत हजारो गुलाम फार वाईट अवस्थेत राबत होते. त्यांची नावं कुठल्या हजेरीपटावर नाहीत.

खवचट

हं. हे पटलं. पुढे चालू द्या.

भटकी मैना

बांधकाम कसं करत हे बघायचं असेल तर पुरी झालेली देवळं सोडा, सिसिलीला जा! मी सेजेस्टाचं देऊळ बघितलंय. ३६ खांब, दोन्ही बाजूंचे त्रिकोण, सगळं उभं. पण खांबांना पन्हळी नाहीत, नुसते गोल. आणि पायऱ्यांच्या दगडांवर हाताच्या मुठीएवढे गुटके बाहेर आलेले, ओळीने. दगड हलवताना-उचलताना पकड मिळावी म्हणून ठेवलेले, शेवटी छाटून टाकायचे. छाटायची वेळच आली नाही. पन्हळी खांब उभा झाल्यावरच कोरायच्या, नाहीतर चढवताना धारा तुटतात. फक्त अगदी वरच्या आणि अगदी खालच्या तुकड्यावर थोडी सुरुवात आधी करून ठेवायचे.

त्याहून भन्नाट म्हणजे सेलिनुंतेजवळची कावे दि कुसा ही खाण. इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेजवाल्यांनी शहरावर हल्ला केला आणि कामगार हत्यारं टाकून पळाले. काम तिथेच थांबलं. खडकात गोल चर खणून अर्धे सुटे केलेले खांबाचे तुकडे अजून तसेच उभे आहेत, एखादा तर माणसापेक्षा कितीतरी उंच. चर जेमतेम एक माणूस आडवा होऊन टाकी मारेल एवढा रुंद. मी आत उभी राहिले तर दोन्ही कोपर दगडाला लागत होते. काही तुकडे सुटे करून देवळाच्या वाटेवर निघालेले, मध्येच सोडून दिलेले. हे बहुतेक सेलिनुंतेच्या त्या राक्षसी देवळासाठी होते, ज्याचे खांब सोळा मीटर उंच व्हायचे होते.

शून्य

एवढाले दगड नेत कसे आणि चढवत कसे? क्रेन होती?

पाथरवट

नेण्याचं आधी. पेंटेलीवरून खाली उतरवायला दगड लाकडी घसरगाडीवर बांधत आणि फरसबंदी उतारावरून दोरखंडांनी मागे खेचत, ब्रेक लावत सोडत. उताराच्या कडेला दोर गुंडाळायच्या खांबांची भोकं अजून आहेत. खाली आल्यावर बैलगाडी. पेंटेलीहून एल्युसिसला नेलेल्या खांबाच्या तुकड्यांचे इ.स.पू. चौथ्या शतकातले हिशेब मिळालेत. एकेका तुकड्याला तीसच्या आसपास बैलजोड्या आणि जवळजवळ तीन दिवस. दगडापेक्षा वाहतूक महाग, हे तेव्हाही तसंच.

आणि पार्थेनॉनच्या कामावरच्या त्या म्हाताऱ्या खेचराची गोष्ट ॲरिस्टॉटल आणि प्लूटार्क दोघांनीही सांगितलीय. वय झालं म्हणून त्याला सोडून दिलं, तरी ते रोज आपणहून येऊन ओझं ओढणाऱ्या जोड्यांच्या बरोबरीने चढ चढायचं. अथेन्सकरांनी त्याचं खाणंपिणं सरकारी खर्चाने करायचं ठरवलं.

चढवण्याबद्दल: इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून दगडांवर चिमट्याच्या आणि पाचरीच्या खाचा दिसायला लागतात, म्हणजे कप्पी, रहाट आणि उभा वासा असलेली क्रेन आली. दगड लहान व्हायला लागले तेही साधारण त्याच सुमाराला, एका खांबाचे दहा तुकडे करायची पद्धत यात बरोबर बसते. त्याआधी मातीचे उतार. अलीकडे, २०१९ मध्ये, पिएरात्तिनी या अभ्यासकाने मांडलंय की कॉरिंथ आणि इस्थमियाच्या इ.स.पू. सातव्या शतकातल्या दगडांवरच्या जोड-खाचा दोर लावून उचलायच्या आहेत, म्हणजे क्रेनची पूर्वज यंत्रं तेव्हाच होती.

क्रेन नसतानाचा सगळ्यात गाजलेला किस्सा इफिससच्या आर्टेमिसच्या देवळाचा. खेर्सिफ्रॉनने खांब नेताना गाडीच वापरली नाही. दोन्ही टोकांना लोखंडी आस ठोकून लाकडी चौकट लावली आणि खांबालाच रूळ करून बैलांनी ओढला. त्याचा मुलगा मेटाजेनीस. त्याच्यापुढे चौकोनी तुळया, त्या कशा लोळणार? त्याने तुळईच्या दोन टोकांना सुमारे बारा फूट व्यासाची चाकं बांधली आणि तुळईचाच आस केला. हे विट्रुवियस या रोमन वास्तुविशारदाने लिहून ठेवलंय. खाण देवळापासून आठ मैलांच्या आत होती आणि वाट सपाट, म्हणून जमलं. प्लिनी हा रोमन लेखक म्हणतो तुळया वर चढवायला वाळूच्या पोत्यांचा उतार रचला, दगड जागेवर आला की खालची पोती हळूहळू रिकामी करायची. दाराच्या वरचा दगड काही केल्या बसेना तेव्हा खेर्सिफ्रॉन जीव द्यायला निघाला होता म्हणे. रात्री देवी स्वप्नात आली, म्हणाली मी बसवलाय. सकाळी खरोखर बसला होता, स्वतःच्या वजनाने.

लंडनकर

त्याच देवळाच्या खांबाच्या खालच्या भागाचे तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, क्रीसस राजाने अर्पण केल्याची अक्षरं सापडलेले. एरेक्थियॉनचा एक अख्खा खांब आणि सहांपैकी एक स्त्री-स्तंभही इथेच. मूळ जागी परत द्या हा वाद वेगळा (माझं मत: द्या). पण माणसं खांबाच्या माथ्यावरच्या वेलबुट्टीला नाक लावतात आणि सांध्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. बघा. मजा आहे.

चहाबाज

इफिससचं देऊळ हेरोस्ट्राटसने जाळलं ना? दगडाचं देऊळ जळतं कसं? हे मला कधीच कळलेलं नाही.

साईटवाला

छप्पर, चहाबाज, छप्पर! आढं, वासे, छताच्या फळ्या, दारं, सगळं लाकूड. सगळं वाळलेलं. इ.स.पू. ३५६ मध्ये पेटलं ते हे. वरचं जळतं लाकूड खाली कोसळलं की आत भट्टी होते आणि संगमरवर तापून तडकतो, पृष्ठभागाचा चुना होतो.

आणि इथे ग्रीक जरा मागे होते असं माझं मत. आज कुठल्याही शेडला असते तशी त्रिकोणी कैची, जिच्यात तुकडे एकमेकांना ताणून धरतात, ती त्यांच्याकडे सर्रास नव्हती. आडवी जाड तुळई, तिच्यावर उभे टेकू, टेकूंवर आढं. रुंदी वाढली की तुळईची जाडी वाढवा, नाहीतर मध्ये खांब घाला. पार्थेनॉनच्या गाभाऱ्यात दोन मजली खांबांची रांग आहे ती निव्वळ मूर्तीच्या शोभेसाठी नाही, छताला आधार पाहिजे होता. प्रॉपिलियात लोखंडी सळया टाकणारी माणसं लाकडात मात्र जुनंच गिरवत होती.

पाथरवट

रेवाताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं राहिलंच होतं. लाकडी तुळयांच्या टोकांची कल्पना विट्रुवियसची, म्हणजे हेराच्या देवळानंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी लिहिणाऱ्या रोमन माणसाची. ऐकायला झकास आहे. पण तुळया देवळाच्या आडव्या टाकतात, त्यांची टोकं फार तर दोन बाजूंना दिसतील. ट्रायग्लिफ तर चारही बाजूंना आहेत. शिवाय छताच्या तुळया दगडी देवळात बहुतेक ट्रायग्लिफच्या पट्टीच्या वरच्या पातळीला येतात. टोकं असतील तर खाली कशी आली? थर्मोनच्या अपोलोच्या देवळात (इ.स.पू. ६३० च्या सुमारास) वरचा भाग लाकडी आणि ट्रायग्लिफच्या मधल्या जागी रंगवलेल्या भाजक्या मातीच्या फरश्या होत्या, त्यामुळे लाकडाशी नातं आहे हे नक्की. पण टोकाला टोक अशी सरळ नक्कल मला तरी पटत नाही.

आणि हो, हे सगळं रंगवलेलं होतं. ट्रायग्लिफ निळे, आडव्या पट्ट्या लाल. पांढरंशुभ्र देऊळ ग्रीकांनी बघितलं असतं तर रंगाऱ्याचे पैसे थकलेत का विचारलं असतं.

रेवा

टोकं चारही बाजूंना कशी येतील, हे कधी सुचलंच नव्हतं! धन्यवाद.

भटकी मैना

अवांतर: आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. ते यवन खरे ग्रीक की नुसते परदेशी म्हणून यवन, यावर वाद आहेत. पण लाकडाची दगडात नक्कल बघायची असेल तर तिथलीच बघा. छताला खरीखुरी लाकडी कमानदार वाशांची ओळ अजून आहे, तीही खडकात कोरलेल्या छताला. तिथे भार पेलायचा काही प्रश्नच नाही, केवळ तसं दिसलं पाहिजे म्हणून.

खवचट

नकाशे होते का यांच्याकडे? का मुकादमाच्या डोक्यातच सगळं?

पाथरवट

कागदावरचा आराखडा एकही मिळालेला नाही. लेखी वर्णन असायचं, पिरेयसच्या (अथेन्सचं बंदर) शस्त्रागाराचं तर लांबी-रुंदी, दारं-खिडक्यांसकट दगडावर कोरलेलं आहे. नमुन्याचा एक माथा किंवा एक दगड करून ठेवायचे आणि बाकीच्यांनी त्यावरून माप घ्यायचं.

पण १९७९ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या डिडिमाला लोथार हासेलबेर्गर या जर्मन अभ्यासकाला अपोलोच्या देवळाच्या आतल्या अंगणाच्या भिंतींवर बारीक ओरखडे दिसले. नीट बघितलं तर तो देवळाचाच आराखडा! केसाएवढ्या रेघा, तिरपं ऊन पडल्याशिवाय दिसत नाहीत. खांब जवळजवळ वीस मीटर उंच, मधे किंचित फुगीर. एवढी उंच आकृती भिंतीवर कशी मावणार? उंची एकास सोळा या प्रमाणात दाबली आणि रुंदी जशीच्या तशी ठेवली. मग फुगवट्याची वक्ररेषा कंपासने काढता येते, आणि प्रत्येक उंचीला खांब किती जाड हे कारागिराने भिंतीवरूनच मोजून घ्यायचं.

भिंती शेवटी घासून चकचकीत करायच्या होत्या, तेव्हा या रेघा जाणारच होत्या. पण ते देऊळ शतकानुशतकं चालू राहूनही पुरं झालं नाही.

रेवा

मग पार्थेनॉनच्या भिंतींवरही असतील?

पाथरवट

असल्या तरी घासताना गेल्या असणार, ते काम पुरं केलं त्यांनी. प्रॉपिलियाचं मात्र राहिलं. इ.स.पू. ४३१ मध्ये स्पार्टाशी युद्ध सुरू झालं आणि त्याच्या आसपास काम थांबलं. मैनाताईंनी सेजेस्टाला बघितले तसले गुटके तिथल्या बाहेरच्या भिंतींवर अजून आहेत. ॲक्रोपोलिसला जाणार असाल तर गर्दी दरवाजातून सरळ पार्थेनॉनकडे पळते, तिच्याबरोबर पळू नका, बाजूला होऊन भिंत बघा. साईटवाल्यांच्या त्या लोखंडी सळयांच्या तुळयाही तिथेच, डोक्यावर.